दोन साप आणि माझा शांत स्वभाव

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

नवी वही. जीपीच्या दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, मिस्टर हरीश, राग आला की लिहून काढा. मी म्हटलं, राग येतो कुणाला? तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं नि म्हणाली, १८ जानेवारी.

१८ जानेवारी म्हणजे लंडनजवळच्या आमच्या स्लाऊच्या मंडळाचा तिळगूळ. ज्ञानेश्वर, मंडळाचा ट्रेझरर, माझ्या गाडीमागे गाडी आडवी लावून आत गोड बोलत बसला होता. मी त्याला मारलं नाही. वळताना माझं कोपर आणि त्याचा चष्मा एका उंचीला आले. नाक त्याचं मुळातच नाजूक. रक्त जास्त आलं कारण तो ब्लड थिनरवर आहे. हे कोणी बोलत नाही.

पण वैजूने, म्हणजे माझ्या मुलीने, फोनवर फर्मान काढलं. ती जानेवारीपासून वर स्कॉटलंडात इनव्हर्नेसला आहे, हॉस्पिटलच्या एक्स-रेमध्ये मोठी जागा मिळाली. तिकडे घर घेतलंय. खालची एक खोली माझी. अट एकच. म्हणाली, बाबा, आता कुणावरही एकदा जरी हात उचललात ना, तर तुम्ही स्लाऊलाच. कौन्सिलच्या शेल्टर्ड फ्लॅटमध्ये, एकट्या म्हाताऱ्यांच्या. माझ्या घरात मारामारी नको, मी लहानपणी भरपूर बघितली.

काय बघितली? दोन दरवाजे आणि एक टीव्ही.

सोपी अट आहे. सोळा दिवस झाले, हात लावला नाही कुणाला. दोस्त शशीला परवा ढकललं ते मस्करीत.

राग: शून्य.

८ फेब्रुवारी, शनिवार

ऍडम आणि मायरा इनव्हर्नेसला गेले. ऍडम जावई. इंग्लिश आहे, भला माणूस, खुर्चीला धडकला तरी खुर्चीला सॉरी म्हणतो. मायरा नात, पंधरा वर्षांची, माझ्यासारखी चटपटीत.

रिमूव्हलवाले, म्हणजे त्यांच्या घरचं सामान हलवणारे, दोन दांडगे आले होते. सोफा जिन्यात अडकवला. मी एकतीस वर्षं एअरपोर्टवर सामान चढवलंय उतरवलंय, मी म्हटलं वाकडा करा. एकजण म्हणाला, सर, प्लीज स्टेप बॅक. मी त्याच्या हातातून टेप-गन काढून घेतली आणि खिडकीतून खाली टाकली. खाली दुसरा दांडगा होता. लागली नाही त्याला. खांद्याला लागली, पण जॅकेट होतं.

ऍडम सॉरी म्हणाला.

आता मुद्द्याचं. मायराचे दोन साप माझ्याकडे ठेवलेत. रिमूव्हलवाले जनावर नेत नाहीत, आणि तिकडचे सापांचे काचेचे टँक आधी आठवडाभर गरम ठेवून बघायचे म्हणे. पुढच्या शनिवारी मी माझ्या गाडीतून साप घेऊन जायचं आणि तिकडेच राहायचं. वैजू म्हणाली, हे नीट करा बाबा, मायराचा जीव आहे त्या सापांत. मी म्हटलं, पाचशे साठ मैल आहेत, चंद्र नाही.

एक साप पिवळा-केशरी. नाव पोहे. मायरा नऊ वर्षांची असल्यापासून तिच्याकडे. गरीब आहे, मनगटाला गुंडाळून बसतो. दुसरा काळा-पांढरा, पट्टेपट्टे, नाव बारकोड. अंगाने जाडजूड. तो किंग-स्नेक का काय, कुणीतरी नको म्हणून टाकलेला, मायराने आणला. डोळ्यांत मस्ती.

जाताना मायरा रडली. म्हणाली, आजोबा, पोहे खूप घाबरते, तुम्ही तिला शाउट नाही करायचा. मी म्हटलं, मी कधी शाउट करतो? तिने नाक पुसलं.

एक लिस्ट दिली. इंग्लिशमध्ये, नऊ मुद्दे, लॅमिनेट केलेली. म्हणजे मी वर डाळ सांडणार असं गृहीत. पहिले दोन वाचले. १: आज दोघांना जेवण दिलंय, आता पोचेपर्यंत काही द्यायचं नाही. २: प्रत्येकाला वेगळ्या कापडी पिशवीत घालून गाठ मारायची. बाकीचे सात तसलेच असणार. नववीत शाळा सोडली ती अशाच लिस्टांपायी.

१० फेब्रुवारी, सोमवार

बारकोड चावला.

पाण्याचं भांडं काढत होतो. अंगठा धरला आणि सोडेना. चघळत होता, शिंगाडा खाल्ल्यासारखा. मी हात झटकला तर तोही हाताबरोबर हवेत. टेबलावर आपटणार होतो, पण शशी आला होता. शशी माझा जुना दोस्त, एअरपोर्टवर एका शिफ्टला होतो. शुद्ध शाकाहारी, गांडूळ दिसलं तरी रस्ता बदलतो. तो खुर्चीवर चढून ओरडायला लागला, हऱ्या, हँड सॅनिटायझर ओत, यूट्यूबवर बघितलंय! ओतलं. सुटला.

अंगठ्यातून रक्त, सिंकपर्यंत ठिपके. बारकोडला टँकमध्ये टाकलं आणि काचेवर एक ठोसा दिला. काच तडकली. ती मुळात पातळच. चार टाके पडले, हाताला, काचेमुळे. अंगठ्याला काही नाही.

याला राग म्हणत नाहीत. शिस्त. सापालाही कळलं पाहिजे घर कुणाचं आहे.

शशी म्हणाला, त्याच्यात आणि तुझ्यात फरक एवढाच, तो सॅनिटायझरने सोडतो.

राग: शून्य.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वैजूचा व्हिडिओ कॉल. खोली दाखवली. निळं कार्पेट. खिडकीतून टेकडी दिसते, तिच्यावर बर्फ. शेजारीच किचन. मागे ऍडम भांडी घासत होता, मायरा कशावरून तरी हसत होती. वैजू बोलत राहिली, मी त्या आवाजाकडेच लक्ष देत होतो. माझी बायको, अनुराधा, गेल्याला चार वर्षं झाली. इथे सकाळी फ्रीज सोडून कोणी बोलत नाही.

वैजूने विचारलं, हाताला बँडेज का? म्हटलं, बागकाम.

विचारलं, फेब्रुवारीत?

नेटवर्क गेलं. म्हणजे मी घालवलं.

दुपारी शेजाऱ्याचा कचऱ्याचा बिन माझ्या दारासमोर होता. लाथ मारली. बिनला. बिन माणूस नाही, अटीत बसत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तयारी झाली. उशीचे दोन अभ्रे, अनुराधाने नाड्या शिवलेले. दोन प्लास्टिकचे बॉक्स, झाकणांना ड्रिलने भोकं पाडली. एका झाकणाच्या चिंधड्या झाल्या, ते चिकटपट्टीने बांधलं. गूगल म्हणतं साडेदहा तास. गूगलने कधी विमान वेळेवर लोड केलंय? मी नऊ धरलेत.

शशी सोबत येतोय. म्हणाला, मी मागे बघणार नाही आणि बॉक्स मांडीवर घेणार नाही. म्हटलं, तू फक्त जागा राहा आणि मला चहा ओत.

संकल्प: उद्या कुणी काहीही बोललं तरी मी हसणार. आरशासमोर करून बघितलं. शशी म्हणाला, असं हसू नकोस, पोलीस बोलावतील.

१५ फेब्रुवारी, शनिवार. पहाटे ४.३०

निघतो. देवाला नमस्कार झाला. अनुराधाचा नियम होता, घरातून कोणी उपाशी पोटी बाहेर पडायचं नाही, निदान हातावर दही-साखर तरी. मी फारसं मानत नाही, पण हा मोडलेला नाही कधी. पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हाही चाटूनच निघालो. शशीला दिलं, मी घेतलं.

मग ते पोहे दिसलं. आठ दिवस पोटात काही नाही आणि पाचशे साठ मैल. मायराचा मुद्दा १ ठीक आहे, पण ती इथे जन्मलेली, तिला प्रवासाचं काय माहीत? फ्रीझरमध्ये मटारच्या मागे एक उंदीर उरला होता. गरम पाण्यात सोडला, पोह्यांनी लगेच घेतला. तोंडावर समाधान होतं.

बारकोडला नाही. चावणाऱ्याला बक्षीस नसतं. बघत होता टक लावून. बघू दे.

सकाळी ७.५०, स्टोकच्या अलीकडची सर्व्हिसेस, म्हणजे मोटरवेवरचा थांबा

वास.

आधी शशीवर संशय घेतला. तो म्हणाला, आईशप्पथ मी नाही. मग कळलं मागून येतोय. बॉक्स उघडला, अभ्रा उघडला. पोह्यांनी उंदीर परत केला होता. अर्धा. वर्णन करत नाही. शशीने बघितलं, नको म्हणत असताना, आणि तो फुलांच्या वाफ्यात ओकला.

अभ्रा बाद. दुसरा आणलेला नाही, कारण दोन सापांना दोन पुरतात. वारा बर्फासारखा, पोहे हातात गार दोरीसारखं पडलेलं. मी डोकं चालवलं. बारकोडचा अभ्रा कोरडा, मोठा. त्यात सोडलं, गाठ मारली. एअरपोर्टवर दोन लहान नग एका पेटीत टाकायचो तसं. एकाची ऊब दुसऱ्याला. शिवाय सोबत. एकट्याने लांबचा प्रवास वाईट.

शशी म्हणाला, लिस्टमध्ये काय लिहिलंय ते बघ ना एकदा. म्हटलं, लिस्ट डिकीत आहे, बॅगांखाली.

सकाळी ८.३०, तीच सर्व्हिसेस, गाडी मागच्या बाजूला लावून

घडलं ते लिहितो, म्हणजे नंतर कोणी वाढवून सांगायला नको.

पांढऱ्या गाडीवाला एक. दोन गाड्यांची जागा अडवून गाडी लावलेली. मी घाण अभ्रा बिनकडे नेत होतो. त्याने नाक धरलं आणि त्याच्या बाईला काहीतरी म्हणाला, यू पीपल असं ऐकू आलं. मी हसलो. संकल्पाप्रमाणे. तो म्हणाला, समथिंग फनी, ग्रँडडॅड?

अभ्रा त्याच्या बॉनेटवर ठेवला. ठेवला, फेकला नाही. थोडा पसरला.

त्याने माझी कॉलर धरली. मग माझ्या हातात स्टीलचा थर्मास होता. एवढंच. त्याच्या तोंडावर गेला. दात वाजल्यासारखा आवाज आला. तो खाली बसला, मी पुन्हा एकदा, खात्री म्हणून. त्याच्या गाडीचा आरसा आधीच ढिला असणार, नाहीतर एका लाथेत पडत नाही. बाई किंचाळत होती, कुणीतरी फोनवर शूटिंग करत होतं. शशीने मागून मला मिठी मारली, हऱ्या सोड, हऱ्या वैजू! असं ओरडत. मी कोपर मागे घेतलं.

शशीची वरची कवळी तुटली. ओठ फुटला. एक तुकडा अजून सापडलेला नाही. शशी म्हणतो गिळला.

चूक त्या माणसाची. कॉलर आधी त्याने धरली, म्हणजे हात आधी त्याने उचलला. अटीत पहिला हात कुणाचा हे महत्त्वाचं. निदान असायला हवं.

राग: फारसा नाही.

सकाळी १०.४०, कार्लाइल, पेट्रोल

लँकास्टर सोडल्यावर मागे आवाज यायला लागला. बॉक्सच्या भिंतीवर धाड, धाड. पाच मिनिटं थांबेना. बॉक्स सीटबेल्टसकट हलत होता. शशी ओठावर रुमाल धरून म्हणाला, भांडतायत रे. मी म्हटलं, खेळतायत. तो म्हणाला, हे खेळणं नाही, थांबव गाडी. मोटरवेवर कुठे थांबवू?

मी हात मागे टाकून झाकणावर दोन जोरदार बुक्क्या हाणल्या आणि ओरडलो, गप्प!

थोडं हललं. मग गप्प.

शशीला म्हटलं, बघ. जनावराला एकदा आवाज ऐकवला की कळतं. तेव्हापासून एकदम शांत. एका पिशवीत छान जमलेलं दिसतंय. मायरा उगाच दोघांना दोन टँक करते.

दुपारी १.१०, पर्थ, स्कॉटलंडातलं

शशी उतरला. लंडनची ट्रेन पकडतो म्हणाला. मी म्हटलं, वेड्या, अडीच तास राहिलेत, खोली बघ माझी, वैजू पिठलं करणारे. तो खिडकीशी वाकला. सुजलेला ओठ, कवळी नाही, बोलताना थुंकी उडत होती. म्हणाला, हऱ्या, पन्नास वर्षं तुझ्या शेजारी बसलो. आता तुझ्या शेजारी बसायला हेल्मेट लागतं. माझ्याकडे नाही.

दार हळू लावून गेला. आपटलं असतं तर काहीतरी बोलता आलं असतं.

नाजूक झालाय. दातांचा प्रश्न आहे.

दुपारी ३.३५, इनव्हर्नेस, घरासमोर

पोचलो! नऊ तास म्हणालो होतो, अकरा लागले, त्यात दीड तास इतरांच्या चुकांचा. बॉक्स उचलून बघितला. वजन बरोबर. किलो मी हाताने सांगतो. सगळं जसंच्या तसं.

खिडकीत मायरा दिसली. धावत येतेय, मोज्यांवर.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल लिहिलं नाही.

मायराने बॉक्स किचनच्या टेबलावर घेतला. दुसरा रिकामा बघून विचारलं, आजोबा, पोहे कुठे? म्हटलं, दोघं एकाच पिशवीत, ऊब म्हणून. तिचे हात थांबले. म्हणाली, नाही. मग इंग्लिशमध्ये म्हणाली, नो, नो, नो. गाठ सुटेना म्हणून दातांनी सोडवली.

आत बारकोड. एकटा. जाड, मधून फुगलेला, पट्टे ताणले गेलेले.

मायराने अभ्रा उलटा केला. झटकला. कोपरे चाचपले. मी म्हटलं, निसटलं असेल, गाडीत सीटखाली बघ. ती बारकोडकडेच बघत होती. ऍडमने डिकीतून लिस्ट शोधून आणली आणि वाचून दाखवली. मुद्दा ३, लाल अक्षरांत: बारकोडच्या जातीचे साप दुसरे साप खातात. दोघांना कधीही एकत्र ठेवू नका.

हे तीन नंबरला का लिहायचं? एक नंबरला लिहायचं.

मी म्हटलं, एक तरी सुखरूप आला ना.

मायराने मला मारलं. दोन्ही मुठींनी, छातीवर, मग तोंडावर. माझी हिरडी फुटली. पोरीचा हात हलका नाही. ऍडमने ओढलं तर त्याच्या पोटरीत लाथ. मग ती वळली आणि भिंतीला ठोसा दिला, पूर्ण खांदा घालून. कडकन आवाज आला. भिंतीचा नव्हता.

वैजू दारात उभी होती. शशीने ट्रेनमधून फोन केला होता, तिला सगळं माहीत होतं. मघाशी मला आत घेताना फक्त म्हणाली होती, ते नंतर बोलू बाबा, हात धुवा, पिठलं गरम आहे. म्हणजे ते तिने पोटात घातलं असतं. मला तेव्हा तसं वाटलं.

मायराकडे ती बघत राहिली. माझ्याकडे नाही. मायरा फुटलेल्या हाताची मूठ अजून आवळूनच उभी होती. वैजूचं तोंड पांढरं पडलं. तिने स्वतःच नेलं एक्स-रेला. दोन हाडं.

रात्री जेवण झालं नाही. खोली छान आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वैजूशी बोलणं झालं. म्हणजे ती बोलली. म्हणाली, त्या माणसाचं मी एकवेळ विसरले असते, मी अशीच आहे, आयुष्यभर विसरत आले. पण परवा माझ्या मुलीच्या अंगात तुम्ही दिसलात. तेच वळणं, तोच खांदा. बाबा, तुम्ही स्लाऊला जा.

मी म्हटलं, मी तर परवापासून बोटही उचललं नाही.

म्हणाली, बारकोडला पण घेऊन जा. मायराला तो नजरेसमोर नकोय आणि टाकूनही द्यायचा नाहीये. दोघं शोभता एकमेकांना.

उद्या निघायचं ठरत होतं. पण मायरा जिन्यावरून म्हणाली, पोट भरलेली साप मूव्ह नाही करायचा. पूर्ण डायजेस्ट झाली, शी केली, मगच. नाहीतर ती पण मरेल. एवढं बोलून वर गेली. प्लास्टर केलेला हात दुसऱ्या हाताने धरून.

तर बारकोडचं पोट उतरेपर्यंत मी इथे. दहा दिवस, चौदाही लागतात म्हणे. मोठं जेवण असलं तर.

मोठंच आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सहाला उठतो. चहा चौघांचा करतो. तीन जण पितात, मायरा घेत नाही. तिचा मी पितो.

वैजू रोज कामावर जायच्या आधी टँकपाशी वाकून बारकोडचं पोट बघते. मीही बघतो. आम्ही दोघं शेजारी उभे असतो. आज तिने विचारलं, कमी वाटतंय का? म्हटलं, छे, अजिबात नाही.

पोलिसांचा फोन होता. स्लाऊला परत गेलो की स्टेटमेंट. त्या माणसाचे तीन दात. मी सांगितलं, सध्या आजारी जनावर सांभाळतोय.

२३ फेब्रुवारी, रविवार

एक शास्त्रीय गोष्ट समजली. उष्णता कमी केली की सापाचं पचन मंदावतं. थर्मोस्टॅट टँकच्या मागे आहे, गोल बटण. दोन डिग्री खाली केलं. बारकोडलाच आराम. घाईघाईने खाऊ नये, घाईने पचवूही नये.

दुपारी बघितलं तर पुन्हा वर. मायरा सोफ्यावर पुस्तक घेऊन बसलेली. वर बघितलं नाही. मी पुन्हा खाली केलं नाही. करू शकलो असतो.

ऍडमने विचारलं, बाबा, चहा? म्हटलं हो. सॉरी म्हणाला.

२६ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ६.१५

बारकोडने शी केली.

भरपूर. टँकभर. मी पेपर टॉवेलने सगळं उचललं, काच पुसली, बिनची पिशवी बांधून बाहेर नेऊन टाकली. परत येतो तर मायरा जिन्यावर उभी.

म्हणाली, वास येते, आजोबा.

आंबलेल्या पिठाची पिशवी फुटली म्हणालो. मग टँकसमोर जाऊन उभा राहिलो, मध्ये. ती आली, डाव्या हाताने मला बाजूला केलं, हळू, आणि वाकली. बारकोड सरळ पडलेला, सपाट, पट्टे जागेवर.

तिने वैजूला हाक मारली.